सूचीत नसलेला कोंबडा

डेल्फिना बात्झला लग्न करायचं होतं, आणि तिचं वय होतं अडुसष्ट. गावाला काय वाटलं ते मला विचारा, कारण निम्मं गाव माझ्याच दारात बसून बोललं. माझं दार चर्चच्या अगदी समोर आहे, त्यात माझा काय दोष? मी इनोसेंता, डेल्फिनासारखीच विधवा. लोक चेंता म्हणतात, आणि माझ्या पाठीमागे आणखी काय काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

नवरदेव रोसेंदो त्सोक. त्र्याहत्तर वर्षांचा विधुर, धंदा घोंगड्या विणायचा. गुडघे गेलेले, पण दात सगळे स्वतःचे. दर रविवारी तो डेल्फिनाकडे टोपलीभर पीच आणायचा आणि ती म्हणायची, "ठेव तिथं. आणि गेल्या आठवड्याची टोपली घेऊन जा, पायात येते." आता याला प्रेम म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

नगरपालिकेत जाऊन सह्या करायला कुणाची ना नव्हती. पण डेल्फिनाला आशीर्वाद आमच्याच चर्चमध्ये हवा होता. पहिला नवरा गेला तेव्हापासून, म्हणजे चाळीस वर्षं, तिनं तिथल्या फरशा पुसल्या होत्या. "त्या फरशीवर उभी राहीन तर लग्न करीन, नाहीतर आहे तशीच मरेन," ती म्हणाली. एकदा म्हणाली की संपलं, तिच्या तोंडाला कोण लागणार!

आडवा आला पास्टर ओबेद. राजधानीतून आलेला, तिशीचा, स्वभावानं गरीब गाय. त्याचा एकच दोष, कंप्युटरवर आंधळा विश्वास. त्यात बायबलच्या अभ्यासाचा एक प्रोग्राम होता, आणि त्या प्रोग्राममध्ये साठ-सत्तर जाडजूड ग्रंथ. वर एक रकाना. त्यात विषय लिहून बटण दाबलं की कुठल्या ग्रंथात त्यावर काय लिहिलंय त्याची यादी खाली यायची. पास्टरनं आल्या आल्या नियम केला होता, की चर्चमधला कुठलाही निर्णय तीन साक्षींशिवाय होणार नाही. एक साक्ष बायबलच्या वचनाची आणि दोन विद्वानांच्या ग्रंथांच्या. आमच्या पंचांनी नियमाला मान डोलावली. तशी त्यांची मान झोपेतही डोलते.

तर पास्टरनं रकान्यात लिहिलं, विधवांचा पुनर्विवाह. बटण दाबलं. खाली काही नाही.

"डेल्फिनाताई, वचन आहे हो, मला पाठ आहे," तो बिचारा हात चोळत म्हणाला. "पण ग्रंथांची साक्ष एकही निघत नाही. माझा नाइलाज आहे."

"ग्रंथ उघडून बघितलेस?"

"उघडायचे कशाला? विषयसूची आहे ना. असतं तर आलं असतं."

असतं तर आलं असतं! हे कुणाला सांगतोय, तर जिनं नगरपालिकेच्या जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीत एकतीस वर्षं काढली तिला. डेल्फिना तडक माझ्या स्वयंपाकघरात आली, दोन कप कॉफी प्यायली आणि म्हणाली, "चेंता, सूची काय देव करतो? सूची करतो कारकून. आणि कारकुनाला भूक लागते, झोप येते, त्याची सासू आजारी पडते."

"मग काय करणार तू?"

"बुधवारी बघ," ती म्हणाली.

बुधवारी दुपारी चारला आमचा अभ्यासवर्ग असतो, कॉफी-पावासकट. त्या दिवशी बाक भरून लोक उभे होते. मी फक्त आठ-दहा घरी सांगितलं होतं. पास्टरनं कंप्युटरचा पडदा भिंतीवर पाडला, सगळ्यांना दिसावा म्हणून. रोसेंदो पहिल्या बाकावर, हॅट मांडीवर ठेवून बसला होता. डेल्फिनानं हात वर केला.

"पास्टर, एक विषय बघायचा होता. कोंबडा."

"कोंबडा?"

"पेत्रानं प्रभूला नाकारलं तेव्हा आरवला तो."

पास्टरनं लिहिलं. बटण दाबलं. भिंत कोरी.

"अगंबाई," डेल्फिना म्हणाली. "म्हणजे आरवलाच नाही तर!"

मागून कुणीतरी खिदळलं. पास्टरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "पक्षी या विषयाखाली असेल," तो म्हणाला. पक्षी बघितलं. कबूतर आलं, चिमणी आली, गरुड आला. कोंबडा नाही.

"बरं, राहू दे. सासू बघ. पेत्राची सासू तापानं फणफणली होती की नाही?"

सासूही नाही. "नशीबवान आहे पेत्र," रोसेंदो पुटपुटला. पास्टरची सासू गेले दोन महिने त्याच्या घरी मुक्कामाला आहे आणि ती तिसऱ्याच बाकावर बसली होती, त्यामुळे पास्टरला हसताही येईना आणि गप्पही बसवेना.

आता इथं डेल्फिनानं थांबायला हवं होतं. डाव जिंकलाच होता. पण पास्टर हट्टाला पेटला. "कोंबडा क्षुल्लक गोष्ट आहे, ताई. लग्नासारखा मोठा विषय विद्वान माणसं सूचीतून कसा वगळतील?" पंचांनी माना डोलावल्या. मला मेलीला इतका राग आला की हातातला पाव मोडला.

डेल्फिना मात्र उठून उभी राहिली. तिनं एकदा रोसेंदोकडे बघितलं आणि मग नजर पास्टरवर ठेवली.

"मोठ्या गोष्टीही वगळतात, पोरा. मी वगळलंय. बावीस वर्षांची होते. खात्यातली जुनी सूची उंदरांनी खाल्ली होती, ती नव्यानं करायचं काम माझ्याकडे आलं. जुन्या नोंदींचं शेवटचं एक बाड उरलं होतं. बाहेर जत्रेत मारिंबा वाजत होता. मी ते बाड कपाटामागे ढकललं आणि नाचायला गेले."

सगळीकडे "हं!" झालं. आमच्या चर्चमध्ये नाच वर्ज्य आहे, आणि दोन बायकांना तर बाडापेक्षा नाचाचाच जास्त धक्का बसला.

"पंधरा वर्षांनी एक माणूस खिडकीशी आला. बापाची जमीन नावावर करायची होती, जन्माचा दाखला हवा होता. मी सूची बघितली. नाव नाही. तो समोर उभा राहून पीच खात होता, रस कोपरापर्यंत गळत होता, आणि मी त्याला सांगितलं, 'भाऊ, तुमचा जन्म झालेला नाही. झाला असता तर इथं आला असता.' आपला जन्म झालाय हे सिद्ध करायला तो माणूस आठ महिने साक्षीदार गोळा करत फिरला. वर्षभरानं कपाट हललं आणि बाड सापडलं. त्यात त्याचं नाव होतं. मी ते गुपचूप सूचीत चढवलं आणि तोंड मिटलं. आजपर्यंत."

आम्ही सगळे रोसेंदोकडे बघत होतो. आठ महिन्यांची ती कथा त्यानं गावातल्या प्रत्येकाला निदान वीस वेळा ऐकवलेली आहे. सरकारला शिव्या, मंत्र्याला शिव्या, उंदरांनाही शिव्या. आणि त्याला हे आत्ता कळत होतं. या बाईनं वाद जिंकायला नवरा पणाला लावला होता, आणि एवढी जवळची मी, मलाही एका अक्षरानं सांगितलं नव्हतं!

रोसेंदो सावकाश उठला. गुडघे कटकन वाजले.

"म्हणजे ते बाड ढकलणारी तू होतीस?"

"मीच."

"नाचायला गेली होतीस."

"हो."

"कुणाबरोबर?"

"आठवत नाही," डेल्फिना म्हणाली, आणि ती लाजली. अडुसष्टाव्या वर्षी, भर चर्चमध्ये!

रोसेंदोनं हॅट डोक्यावर घातली. मला वाटलं, गेला. पण रागात तो ती अशी घालतो आणि मग चर्चमध्ये आहोत हे आठवून काढतो. काढली. पास्टरकडे वळला.

"पास्टर, ते ग्रंथ उघडा. पान पान उघडा. या बाईनं मला पृथ्वीवरून पुसलं आणि तीस वर्षं माझेच पीच खाल्ले. हिला आता मोकळं सोडून चालायचं नाही. घरात, डोळ्यांसमोर हवी."

पास्टरनं तो रकाना बंद केला आणि पहिला ग्रंथ उघडला. बराच वेळ लागला. आम्ही कॉफी प्यायलो, पाव संपवले, पुन्हा बसलो. बाराशे कितव्याशा पानावर विधवांवर चांगली दोन पानं निघाली. पुनर्विवाहाला पूर्ण मोकळीक. दुसऱ्या ग्रंथात अर्धं पान, तेच. दोन्ही ग्रंथांना सूचीकाराचा हात म्हणून लागलेला नव्हता. पास्टर मोठ्यानं वाचत गेला, आणि भरात पुढचंही वाचून बसला, की विधवांनी घरोघर फिरून इकडच्या गोष्टी तिकडे करू नयेत. अख्खं चर्च माझ्याकडे बघायला लागलं. मी छताकडे बघितलं. छताचा पत्रा खरोखरच बदलायला झालाय.

"तीन साक्षी," पास्टर हळूच म्हणाला. "ताई, मला क्षमा करा. मी बघितलंच नव्हतं."

"मीही नव्हतं बघितलं," डेल्फिना म्हणाली. "तू निदान आठ महिने लावले नाहीस."

लग्न तिसऱ्या शनिवारी झालं. डेल्फिना त्याच फरशीवर उभी होती, आणि आदल्या दिवशी ती तिनंच पुसली होती, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मक्याच्या पिठाचे तमाले चारशे केले होते, तेही कमी पडले. सह्या झाल्यावर पास्टर चर्चची विवाहवही मिटायला लागला.

"आणि मागची सूची?" डेल्फिनानं विचारलं.

"ती नंतर भरीन सावकाश."

"नंतर?" तिनं त्याच्या हातातून पेन काढून घेतलं. लग्नाच्या झग्यात ती खुर्चीवर बसली, वहीची शेवटची पानं उघडली आणि कारकुनी अक्षरात रोसेंदोचं नाव लिहिलं, आधी नावाच्या पानावर. मग पानं उलटली आणि आडनावाच्या पानावर पुन्हा लिहिलं.

रोसेंदो चष्मा लावून तिच्या खांद्यावरून बघत होता. "दोनदा कशाला?"

"एकदा सांडलास माझ्या हातून," ती म्हणाली.

त्यानं बोट ठेवून दोन्ही ठिकाणी आपलं नाव वाचलं. मग खाली वाकून म्हणाला, "आता तुझंही लिही. मी इथं बघत उभा राहतो."