दिल्ली दरवाज्याच्या वर पिशोर

पिशोरहून निघालो तेव्हा माझ्या खांद्यावर लाल चौकड्यांची नवीकोरी दस्ती (खांद्यावर टाकायचा मोठा रुमाल) होती. लेकीच्या कॉलेजात जायचं म्हणून सुशीलेनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, ती मुद्दाम बाजारातून आणलेली. पायजमा पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा. असा मी याआधी नटलो होतो तो स्वतःच्या लग्नात, आणि सुशीलेच्या मते तेव्हाही काही उपयोग झाला नव्हता.

आमची अश्विनी संभाजीनगरला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. तिथल्या हॉलमध्ये मुलांच्या कामांचं प्रदर्शन भरलं होतं. दुपारी परीक्षक येणार आणि त्यातली निवडक कामं मुंबईच्या मोठ्या प्रदर्शनात जाणार. अश्विनीनं वर्षभर एकच काम धरलं होतं. काय करतेस म्हणून विचारलं की उत्तर एकच, "आल्यावर बघा." मधे एकदा आईकडं जुन्या साड्या मागितल्या होत्या. होस्टेलात पोरीला थंडी वाजत असेल म्हणून सुशीलेनं अख्खं गाठोडं धाडून दिलं.

कन्नडला गाडी बदलली. सवयीनं मी म्हणालो, "दोन औरंगाबाद." कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला, "संभाजीनगर म्हणा काका. गाडी तीच हाय, टाईमपण तोच हाय." खुलताबादचा घाट उतरला, दौलताबादचा किल्ला खिडकीतून मागं गेला, आणि स्टँडवर अश्विनी दिसली. बोटांना निळा रंग, केसांत दोरा. सुशीलेनं आधी दोरा काढला, मग पोरीला जवळ घेतलं.

परीक्षकांना वेळ होता. "आधी तुम्हाला चित्रं बघायला शिकवते," असं म्हणून अश्विनीनं आम्हाला एका आर्ट गॅलरीत नेलं. दाराशीच कानमंत्र मिळाला, "अण्णा, हात लावायचा नाय, मोठ्यानं बोलायचं नाय, आणि 'हे कशाचं हाय' असं विचारायचं नाय."

मी दोन्ही हात पाठीमागं बांधले. एका मोठ्या चित्रात नुसते पिवळे-तपकिरी फराटे होते. बराच वेळ बघून मी हळूच म्हणालो, "आपलं शेतातलं आलं सडलं व्हतं त्या साली, अगदी तसंच."

"गप बसा," सुशीला म्हणाली.

पण अश्विनी हसली नाही. "अण्णा, तुम्हाला तो वास आल्यासारखं वाटलं ना? मग चित्र कळलं तुम्हाला." त्यानंतर मी प्रत्येक भिंतीपुढं जाणकारासारखी मान हलवत उभा राहिलो. लक्षात ठेवा, भिंतीपुढं. चित्र म्हणजे भिंतीवर, एवढं मी त्या दिवशी पक्कं शिकलो आणि तेच पुढं नडलं.

मग रिक्षा केली. अश्विनीला बघताच रिक्षावाला ओळखीचं हसला. "अरे, ये तो दरवाजेवाली बेटी! चाचा, धूप में मकई दरवाजे के सामने खडी रहती, कागद लेके. हम बोले, दरवाजा भागता क्या?" या शहराला दरवाजे किती, कुठला कुणीकडं तोंड करून उभा, हे आता माझ्या पोरीला विचारावं. रिक्षावाल्यांत नाव काढलं म्हणजे शहरात नाव काढलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पाणचक्कीवर डबा सोडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा. पाणी उंचावरून हौदात पडत होतं आणि वडाखाली गार वाटत होतं. सतरंजी असताना मी हौदाच्या कट्ट्यावर बसलो, कारण पाय सोडून बसायची हौस.

"चाचा, उधर नको बैठो, काई (शेवाळ) है!" एक फुगेवाला ओरडला.

"काही होत नाही," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातले बरेचसे प्रसंग या तीन शब्दांनी सुरू झालेले आहेत.

कॉलेजच्या हॉलमध्ये शिरलो. अश्विनी दोरी आणायला गेली. मी हात मागं बांधून भिंती बघत निघालो. हॉलच्या मधोमध स्वच्छ वाकळ (गोधडी) अंथरलेली होती. आमच्याकडं पाहुण्यासाठी वाकळ अंथरली आणि तो उभाच राहिला, तर घरच्यांचा अपमान. पोरीनं आईबापासाठी केवढी सोय केली, असं मनात आलं. चपला काढल्या, मांडी घातली आणि सुशीलेला म्हणालो, "ये, टेक."

सुशीला टेकली नाही. ती वाकळीकडं बघत होती. "अहो, ही माझी साडी हाय. ही अश्विनीच्या बारशाची. ही पेरणीच्या वक्ताची..."

"अण्णा! उठा!"

उठलो. वाकळ म्हणजेच अश्विनीचं वर्षभराचं काम होतं. आईच्या साड्यांतून कापलेले शहराचे सगळे दरवाजे, निळ्या काठाची खाम नदी, आणि भोवती हातानं घातलेले बारीक टाके. सगळ्यांत वर दिल्ली दरवाजा. त्याच्या वरच्या कोऱ्या पांढऱ्या कापडावर माझ्या बैठकीचे दोन हिरवे गोल उमटले होते. ती दोरी वाकळीभोवती बांधण्यासाठीच आणली होती.

पोरगी रडली नाही. तेच मला जड गेलं.

सुशीलेनं पदर ओला करायला घेतला. "नको आये, रंग पसरतील," अश्विनी म्हणाली, "परीक्षक खालच्या मजल्यावर आलेत."

"मग ठिगळ लाव. वाकळ डागली म्हणून कुणी टाकून देतं का?"

"आये, हे माझं काम हाय."

"व्हय, पण वाकळ हाय ना?"

अश्विनी डागाकडं बघत राहिली. मग दिल्ली दरवाज्याकडं, मग माझ्याकडं. "अण्णा, दस्ती द्या."

दस्ती दिली. तिनं कात्रीनं तुकडा कापला, सुई आईच्या हातात दिली, दुसरी स्वतः घेतली. मायलेकी दोन बाजूंनी टाके घालत निघाल्या. टाका कुणाचा कुठं संपला नि कुणाचा सुरू झाला, मला सांगता आलं नसतं. मी दाराशी राखण करत होतो, म्हणजे कुणाच्या पायात येत नव्हतो.

परीक्षकांपैकी एक चष्म्याच्या बाई वाकळीशी वाकल्या. "शहराबाहेर हे लाल चौकड्यांचं काय?"

"माझं गाव, मॅडम. पिशोर. दिल्ली दरवाज्यातून निघून सरळ उत्तरेला."

"गाव शहराच्या दरवाज्यांपेक्षा एवढं मोठं कसं?"

अश्विनी थांबली नाही. "वडलांच्या मापानं घेतलंय, मॅडम."

मी छताकडं बघितलं. बाईंनी वाकळीभोवती एक फेरी मारली, ठिगळापाशी परत थांबल्या, आणि पुढं गेल्या.

संध्याकाळी फळ्यावर मुंबईला निवडलेल्यांची नावं लागली. अश्विनीचं वाचून झाल्यावर मी ते पुन्हा वाचलं, आणि शेजारी उभ्या असलेल्या, ओळख ना पाळख, एका गृहस्थांनाही वाचून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी पिशोरला उतरलो तर खांदा उघडा आणि पायजमा हिरवा. फाट्यावर बसलेल्या धोंडिबानं हाक दिली, "का हो अण्णा, नवी दस्ती शहरात हारवून आले व्हय?"

मला मुंबई अजून बघायला मिळालेली नाही. शेतातलं आलं विकायलासुद्धा कधी गेलो नाही. पण छाती पुढं काढून सांगितलं,

"हारवली नाय. पोरीसंगं मुंबईला चालली."