नारळावरचा शब्द आणि आमच्या गावचं कोर्ट

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या काकांनी मला फसवलं. नवऱ्यानेही फसवलं, पण तो समोरच्या बाजूचा होता. समोरच्याने डाव टाकायचाच असतो. काका मध्यस्थ होते, आणि मध्यस्थाने फसवणं मी अजून पचवू शकलेले नाही.

जर्मनीत, झिंडेलफिंगेनजवळच्या एका लहान गावात आम्ही राहत होतो. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. मी त्याच्या मागोमाग आले, वर्षभर भिंती बघितल्या, मग जुनं शिवणयंत्र मिळवून कपडे दुरुस्त करून द्यायचं दुकान टाकलं. जर्मन माणूस भाव करत नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. करतो. फक्त आपण आधी गप्प बसायचं, मग त्यालाच अवघडल्यासारखं होतं. दुकानाची जागा मी अशीच गप्प बसून मिळवली. एरवी मात्र माझं डोकं फार लवकर तापतं, आणि ते सगळ्या मंडळाला माहीत होतं.

वेगळं व्हायचं यावर आमचं दोघांचं एकमत होतं. भांडण होतं ते मुलीवरून. ती दुसरीत होती. नवऱ्याला पुण्याला परतायचं होतं आणि मुलीला त्याच्या आईकडे ठेवायचं होतं. मला ती इथे हवी होती, माझ्याजवळ, तिच्या शाळेत.

मी आधी सरळ कोर्टात गेले. आम्ट्सगेरिष्ट, म्हणजे गावचं कोर्ट, माझ्या दुकानातून दिसायचं. खिडकीमागच्या माणसाने ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आम्ही यासाठी त्सुष्टेंडिश नाही." म्हणजे हे काम आमच्या हद्दीत येत नाही. तिथे भाड्याचे, वारसाचे, शेजाऱ्याच्या कुंपणाचे खटले चालायचे. नवरा-बायको आणि मुलं यांच्यासाठी मोठ्या शहरातलं कोर्ट.

हे काकांच्या कानावर गेलं. काका इथले सगळ्यात जुने. कोणाच्याही घरात वाजलं की आधी त्यांच्याकडे जायचं, असा मंडळाचा रिवाज. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"अगं, जर्मन कोर्टात कशाला नेतेस घरातलं? उद्या युगेंडआम्टची बाई येऊन तुझा फ्रीज उघडून बघेल, पोरीला काय खायला घालतेस ते. आपल्यातलं आपल्यात मिटवू."

मुलांची चौकशी करणाऱ्या त्या सरकारी खात्याला आम्ही सगळ्या आया घाबरायचो. मी हो म्हटलं.

काकांच्या हॉलमध्ये बैठक झाली. देवापुढे नारळ ठेवला आणि आम्ही दोघांनी त्यावर हात ठेवला. मुलगी माझ्याकडे राहील, एक सोडून एक शनिवार-रविवार बापाकडे, अर्धी सुट्टी बापाकडे. बदल्यात मी एक गोष्ट दिली: दिवाळीला तिला घेऊन पुण्याला जायचं, आजी-आजोबांना भेटवायचं. सौदा मला बरा वाटला. कापड घेताना मी आतली शिवणसुद्धा उलटून बघते. नारळ कोणी उलटून बघत नाही.

मग गणपती आले. काकूंकडे आम्ही बायका मोदक करत होतो. काकू मनाने सरळ. उकड मळता मळता म्हणाल्या, "पुण्याची तारीख दिवाळीतच पडली ते एक बरं झालं गं. एका फेरीत सगळं उरकेल."

"कसली तारीख, काकू?"

काकूंनी दाराकडे पाहिलं. दारात काका होते.

मग काकूंकडून सगळं बाहेर आलं. नवऱ्याने पुण्याच्या फॅमिली कोर्टात दावा लावला होता. लग्न पुण्यात झालं म्हणून दावा पुण्यात, आणि त्यातच मुलीचा ताबा मागितला होता. शाळाही बघून ठेवली होती. मी तिला स्वतःच्या हाताने तिकडे नेऊन सोडणार होते, दिवाळीचा फराळ बरोबर घेऊन. आणि हे सगळं नारळाच्या आधीचं होतं.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, ती नुसती फॉर्मॅलिटी आहे. घरात गणपती आहेत, आवाज चढवू नकोस."

मी आवाज चढवला. गणपतीने ऐकलं, शेजारच्या जर्मन आजीनेही ऐकलं असेल. पिठाच्या हातानेच घरी आले आणि तिकिटं रद्द केली.

मोठ्या शहरातल्या कोर्टाचा पत्ता विचारायला मी पुन्हा त्या खिडकीशी गेले. तोच माणूस. म्हणाला, "आता आम्ही आहोत त्सुष्टेंडिश." मधल्या काळात आमच्या कोर्टाची कामं वाढवली होती, आमच्या आणि आसपासच्या गावांचे कौटुंबिक खटले आता तिथेच चालणार होते. मी अर्ज तिथल्या तिथे दिला.

न्यायाधीश बाई माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी आधी मुलीला एकटीला आत नेलं. आम्ही दोघं बाहेर एकाच बाकावर.

"घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणलीस," नवरा म्हणाला.

"घरातच ठेवली असती तर दिवाळीनंतर पोरगी घरात नसती. अहो, शाळेचा युनिफॉर्मसुद्धा घेतला होतात की काय?"

मुलगी बाहेर आली आणि जर्मनमध्ये म्हणाली, नाटकाची तालीम आहे, आता मी जाऊ का? आत काय बोलली ते मी आजवर विचारलेलं नाही.

नवऱ्याच्या वकिलाने पुण्याचा मुद्दा काढला. बाई म्हणाल्या, तुमच्या लग्नाचं पुण्यात काय व्हायचं ते होवो, मुलीचा निर्णय ती राहते तिथलं कोर्ट घेईल, आणि ती इथे राहते. मग त्यांनी विचारलं, आपसात काही जमतंय का. नवरा मुलीच्या पासपोर्टवर अडला. मी गप्प बसले. तो बोलत राहिला, वकील बोलत राहिला, शेवटी दोघंही थांबले. पासपोर्ट माझ्याकडे आला. मुलगी माझ्याकडे, एक सोडून एक शनिवार-रविवार बापाकडे, अर्धी सुट्टी बापाकडे. नारळावर ठरलं होतं तेच सगळं. फक्त या वेळी मोडलं तर जाब विचारणारं कोणीतरी होतं.

काका आता भेटले की म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं, मंडळात येत जा. गंगा इथून लांब आहे. कोर्ट माझ्या दुकानातून दिसतं. गावचं कोर्ट एके काळी आमची हद्द नाही म्हणालं होतं, पण तोंडावर म्हणालं होतं.

काका, या गणपतीला मी येणार आहे. आरती झाल्यावर, प्रसाद वाटायच्या आधी, ज्यांच्या ज्यांच्या घरचे नारळ तुम्ही ठेवलेत त्या सगळ्यांसमोर मी विचारणार आहे: आमचे हात नारळावर ठेवून घेताना पुण्याचा दावा तुम्हाला माहीत होता की नव्हता? माहीत होता, तर मला का नाही सांगितलं? हद्दीत येत नाही म्हणू नका. उत्तर द्या.