औलीचा पहिला उतार

१२ फेब्रुवारी २०२५ रोजी पिपरी मेघेच्या छाया नगराळे यांनी औलीच्या बर्फावर घसरण्यासाठी स्की आणि बुटांच्या भाड्याचे ९५० रुपये भरले. शाळेत त्या खेळ शिकवतात, त्यामुळे बर्फावरही आपण निभावून नेऊ, असं त्यांना वाटलं होतं.

गावाकडची गिरडची टेकडी त्या लहानपणापासून उतरत आल्या होत्या. अंग मागे टाकायचं, टाचा रोवायच्या, की माणूस पडत नाही. औलीच्या उताराला लागताच त्यांनी तेच केलं. भार टाचांवर गेला, स्कींची टोकं हलकी झाली आणि वेग वाढला. समोर एक दोरी होती आणि दोरीपलीकडे दगड.

“दीदी, आगे झुको!” प्रशिक्षक ओरडला.

पुढे झुकलं तर थेट दगडांवर, असंच त्यांचं अंग सांगत होतं. त्या आणखी मागे रेलल्या. आदल्या दिवसापासून शिकत असलेली भाची काजल खालून ओरडली, “मावशी, गिरड विसर न वं! गुडघे वाकव, टोकं जवळ आण!”

छायाबाईंनी जिवावर उदार होऊन अंग पुढे टाकलं आणि टाचा बाहेर ढकलल्या. बर्फ खरखरला. दोरी पोटाला जेमतेम टेकली आणि त्या थांबल्या.

“आता काऊन दोरी धरून राह्यली?” काजल हसली.

“हे पाय माहेच आहेत का, तेच समजून नाई राह्यलं. चहा पाज आधी.”

चहा पिऊन त्या पुन्हा वर गेल्या आणि पुढे झुकूनच उतरल्या. चहाचे चाळीस रुपये काजलने दिले होते. ते छायाबाईंकडून अजून यायचे आहेत, असं ती म्हणते.