एक जानेवारी ऐंशीची फाइल आणि आमचे जोंधळे सर

जोंधळे सर गेले, अन् मी आधी विचारलं, "किती वाजता?"

फोनवर त्यांचा मुलगा रडता रडता हसला. "वाटलंच मला, ताई. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं."

तीस वर्षं मी कॉम्प्युटर गुन्ह्यांचा तपास करतेय. पोलिसांना मदत, बँकांना सल्ला, कोर्टात साक्ष. लोक विचारतात, मॅडम, ट्रेनिंग कुठं झालं?

परभणी! स्टेशनजवळचा टायपिंग क्लास!!

हसू नका, सांगते.

एक्क्याण्णव-ब्याण्णव साल. सरांनी टाइपरायटरच्या रांगेशेजारी एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणला. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. चपला बाहेर काढूनच आत जायचं.

त्या मशीनमधलं घड्याळ चालत नव्हतं. चालू केलं की दरवेळी विचारायचं, आज तारीख काय? मग, वेळ काय?
नुसतं एंटर दाबलं तर ते धरून चालायचं, १ जानेवारी १९८०. मग त्या दिवशीच्या फाइलींवरही तीच तारीख पडायची. अन् सगळे नुसतं एंटरच दाबायचे. कुणाला एवढा धीर!

सर टेबलावर पट्टी आपटायचे. "आधी तारीख! मशीनशी खोटं बोलायचं न्हाई!"

मला लय राग यायचा. पण हाताला सवय लागली ती लागलीच.

पुढं एका कॉलेजच्या ऑफिसात मला रोजंदारीवर काम मिळालं. मशीन डिट्टो तसंच.
दोन महिन्यांत बोंब झाली. प्रवेशाच्या यादीत तळातलं एक नाव पार वर गेलेलं!

खोलीची चावी दोघांकडंच. मी आणि हेडक्लार्क.
हेडक्लार्क म्हणाले, "ह्या पोरीचंच काम. मला कुठं येतंय कॉम्प्युटर चालवायला?"
प्राचार्य म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

नोकरी गेली तर गेली हो. पण गावाकडं पिंगळीला घरी कळलं असतं की पोरीवर लबाडीचा आळ आलाय, तर बाबांनी जिंतूरचं स्थळ बघून मला त्याच महिन्यात उजवून टाकलं असतं. शिक्षण, नोकरी, सगळं खल्लास.

रडतच सरांकडं गेले.

"रडायलीस कशाला? तारीख टाकतीस ना रोज?"
"हो, सर."
"मग चल!"

सायकल काढली अन् थेट प्राचार्यांपुढं! मशीनवरच्या फाइलींची यादी काढली. माझी प्रत्येक फाइल, खरी तारीख. एकही चुकलेली नाही.
अन् ती बदललेली यादी?

०१-०१-८०!!

"साहेब, ही तर ऐंशी सालची दिसायलीय. तवा ही पोरगी दुसरीत असंल!"

मग हेडक्लार्ककडं वळून, एकदम गोड आवाजात, "तुमी जरा बंद करून चालू करता का हे?"

ज्यांना कॉम्प्युटर येत नव्हता, त्यांनी बटण दाबलं. अन् स्क्रीनकडं न बघताच...
एंटर. एंटर.

प्राचार्यांनी चष्मा काढला. मला म्हणाले, "उद्या वेळेवर या."

अहो, मी नाचायचीच बाकी होते! बाहेर येऊन म्हटलं, "सर, पकडलं की त्यांना!"

सर माझ्यावरच भडकले. "त्यांनी केलं असं मी म्हणलो का? तू केलं असं दिसत न्हाई, एवढंच म्हणलो. दिसलं तेवढंच बोलायचं!"

हेडक्लार्कनी आठ दिवसांनी स्वतःहून कबूल केलं, ती गोष्ट वेगळी.

आजही वकील कोर्टात उलटसुलट विचारून खिजवतात, तेव्हा मी दिसलं तेवढंच बोलते. माझं अख्खं करिअर ह्या एका वाक्यावर उभं आहे.

अलीकडं सर कुणाला ओळखत नव्हते. मलाही नाही. पण रोज सकाळी डोळे उघडले की मुलाला विचारायचे, "आज तारीख काय?"

मुलगा म्हणाला, "ताई, आज बाबांनी तारीख विचारली न्हाई. तवाच कळलं मला."

सर, आजची तारीख मी टाकलीय. वेळही टाकलीय.
चपला बाहेर काढल्यात.
नमस्कार घ्या.