टाकासाठी ठेवलेला रुपया

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, नाणी चंच्यांत असत. पान खाणाऱ्यांकडे असते तशी कप्प्याकप्प्यांची कापडी चंची. फक्त आबा पान खात नसत. तांब्याच्या नाण्यांची एक, चांदीच्या नाण्यांची एक आणि कुठली ते न उमगलेल्यांची एक. तिन्ही आईने शिवून दिल्या होत्या आणि शिवताना दर वेळी ती कुरकुरली होती की धडुतं घालायला पुरत नाही आणि ह्यांच्या पैशांना अंगरखे लागतात.

आमचं गाव पौडच्या पुढे, धरणाच्या काठाला. शेती भाताची. आबा लहान असताना चिखलणीत त्यांच्या पायाला तांब्याची जुनी शिवराई लागली, तेव्हापासूनचं हे वेड. बाजारात तांदूळ घेऊन बसले की गिऱ्हाइकाने दिलेलं नाणं आधी उलटून बघत. ताम्हिणीचा घाट चढून कोकणातून कुणी आलं की त्याला हटकून विचारत, गाठीला जुनं काही आहे का. लोक हसायचे. "आबा, तांदूळ इकाया येतुयास का नाणी हुडकाया?" आबाही हसायचे आणि नाणं खिशात टाकायचे.

मी त्यांची या कामातली सोबतीण. ते मला डोळे मिटायला लावत, तळहातावर नाणं ठेवत आणि विचारत, "सांग, कुटलं?" कडा, वजन, झिजलेलं अक्षर. मला बहुतेक सगळी बोटांनी ओळखता येत. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, डोळे उघडे ठेवूनही येत नसत. त्यात त्याचा दोष नव्हता. त्याला बैलातलं कळायचं, जे मला कळत नसे.

आमच्याकडे घरातलं मोठं माणूस गेलं की वर्षाच्या आत त्याचा टाक करतात. चांदीच्या लहानशा पत्र्यावर माणसाची आकृती उठवायची आणि ती देवघरात देवांशेजारी ठेवायची. रोज त्याला गंध, फूल. चांदी घरातली असावी, विकतची नको. गेलेल्या माणसाच्या हातची असली तर फारच चांगलं. आजोबा गेले तेव्हा आबांच्या चंचीतला एक रुपया असाच उचलला गेला. त्यांना कुणी विचारलंही नाही. हाताने पाडलेला, वाकड्या कडेचा, फार जुना रुपया होता तो. सोनाराच्या मुशीत तो आटत असताना आबा समोर बसून होते. पुढे रोज सकाळी ते आजोबांच्या टाकाला गंध लावत आणि पुटपुटत, "बापाच्या पाया पडाया जातुया, अन् रुपयाच आठवतुया." आई ऐकायची आणि म्हणायची, काय हा मेला जीव.

आईच्या पायांत चांदीची जोडवी होती, चांगली जाड. फरशीवर ती टकटक वाजत. ती आतून बाहेर येऊ लागली की आबा मला डोळा घालत आणि म्हणत, "बघ, चालले माझे रुपये." मला ती नुसती थट्टा वाटायची.

नवे पैसे चालू झाले, त्याच्या मागच्यापुढच्या वर्षातली गोष्ट. मी भुकूमला सासरी होते. माहेरचा एक माणूस एस.टी.तून उतरून सांगून गेला, "आबांच्या छातीत कळ आली हुती. आता बरं हाय. पर तुला बोलावलंय." त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं माझ्या कानात राहिलं. मी तशी भित्री नाही. सासरी पहिल्याच वर्षी चुलीमागे निघालेला साप मीच काठीने बाहेर काढला होता. पण त्या दिवशी बसमध्ये कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा मला माझ्याच गावाचं नाव सुचेना.

आबा ओसरीवर बसले होते. अंगाने उतरले होते, पण बसले होते. पुढ्यात तिन्ही चंच्या उलगडलेल्या. दादा खांबाला टेकून उभा होता.

"ह्यांचं काय करायचं ते ठरवायचं हाय," आबा म्हणाले. "माझ्या डोळ्यांदेखत."

"ठरवायचं काय त्यात?" दादा म्हणाला. "घरची चांदी घरात ऱ्हाऊ द्या. उद्या पोरीच्या लग्नात पैंजण व्हतील. देवाला छत्र व्हईल."

तो वाईट काही बोलला नव्हता. पण आबांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, कळ परत आली. त्यांना दादाच्या पैंजणांत सोनाराची मूस दिसत होती. ती मलाही दिसली.

पुण्याच्या एका कॉलेजातले इतिहासाचे सर गड बघायला आमच्या बाजूला येत, तेव्हा आमच्या ओसरीवर टेकत. ते आबांना म्हणाले होते, दिलीत तर काचेच्या कपाटात ठेवू, आटवणार कुणी नाही. आबांनी तेच ठरवलं होतं. सगळी त्यांना द्यायची.

मी रागावले. "आत्ताच कशाला? भातं निघू द्या. तुमी आधी बरं व्हा."

मला नाण्यांचं काही पडलं नव्हतं. माणूस आवराआवर करायला लागलं की ते निघालं, हे मी पाहिलं होतं. माझ्या सासऱ्यांनी एका सकाळी आपलं घोंगडं गड्याला देऊन टाकलं, आणि पुढचा पोळा त्यांना दिसला नाही. आबा चंच्या रिकाम्या करायला निघाले होते आणि मला वाटत होतं, त्यांच्यात एक जरी नाणं राहिलं तरी आबा राहतील. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी आपली भातं निघू द्या, थंडी सरू द्या, असं काहीबाही बोलत राहिले.

आबांनी चांदीच्या चंचीतून एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला. डोळे मिटायची गरज नव्हती. राजाछाप, अगदी साधा, घरोघरी सापडणारा.

"ह्यो माझा," ते म्हणाले. "ह्याचा टाक करा. बाकीच्यांस्नी हात लावायचा न्हाई. ह्यो आटला तर जगाचं काय बुडत न्हाई."

"मला नगं. दादाला द्या."

"त्याला सगळं रुपयं सारखंच. तुला वळखाया येत्यात. ने तुझ्याकडं."

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "घे की. किती वेळ त्यांस्नी हात पुढं धरून बसवतीस?" मी घेतला. बापाचं मरण कुणी मुठीत दिलं तर काय वाटेल, तसं मला वाटत होतं. सासरी परतताना वाटभर मी मूठ उघडली नाही.

भुकूमला मी तो चिंधीत बांधून तांदळाच्या कणगीत खोल खुपसला. कपाट आमच्याकडे नव्हतं, आणि पेटीला सगळ्यांचे हात लागत. त्यानंतर भीती घरातच राहायला आली. रोज तांदूळ काढताना मी कोपरापर्यंत हात घालून चाचपत असे. रुपया लागला की आबा आहेत. रस्त्याला बस थांबली की मी दाराआड उभी राहून कोण उतरतंय ते बघे. माहेरच्या गावचं माणूस उतरलं की त्याच्या तोंडाकडे आधी बघे, पाय आमच्या घराकडे वळतात का ते मग. सासूबाई म्हणत, "सूनबाय, कुनाची वाट बघतीस गं?" मी "कुनाची न्हाई" म्हणे आणि तांदूळ निवडायला बसे.

भातं निघाल्यावर आबांनी खरंच सगळी नाणी सरांना नेऊन दिली. दादाच घेऊन गेला त्यांना, तक्रार न करता. मला निरोप आला तेव्हा मी चुलीपाशी होते. आता आबांजवळ स्वतःचं एकही नाणं उरलं नव्हतं. होता तो माझ्या कणगीत. मी तशीच उठून हात घातला. रुपया होता. मग पीठ मळायला घेतलं.

आणि मग एके दिवशी तो नव्हता.

मी अर्धी कणगी उपसली. चिंधी सापडली, तीही सुटलेली. सासूबाई परड्यातून आल्या आणि तांदळाचा ढीग बघून जागीच थांबल्या. मी विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. त्यांची भाची पहिलं लेकरू घेऊन आदल्या दिवशी आली होती, मी ओढ्यावर गेले होते तेव्हा. ओटीसाठी तांदूळ काढताना हाताला रुपया लागला. आमच्याकडे धान्यात बरकतीला नाणं ठेवतात, तसा कुण्या वडीलधाऱ्याने कधीकाळी ठेवलेला असणार असं त्यांना वाटलं. लेकराला पहिल्यांदा बघताना त्याच्या हातात चांदी द्यावी लागते. त्यांनी तो दिला.

"रिकाम्या हातानं कसं बघायचं लेकराला?" त्या म्हणाल्या. "घरचाच हुता की."

लेकराच्या हातात दिलेलं परत मागत नाहीत. मागणारीचं तोंड पुन्हा कुणी बघत नाही. मला ते पक्कं ठाऊक होतं, आणि तरी मी पायात वहाणा न घालता शेजारच्या गावाला त्या भाचीच्या घरी गेले. वाटेत एकच विचार होता, की आज आबांना काहीतरी झालं असणार.

भाची अंगणात लेकराला तेल लावत होती. मुलगी होती. तिच्या गळ्यात काळा दोरा, आणि दोऱ्यात माझा रुपया. सोनाराकडून त्याला कडी लावूनही झाली होती. मुलीने तो तोंडात धरला होता आणि राजाचं डोकं चोखत होती.

"वयनी, अशा का आलासा? बसा की," भाची म्हणाली.

मी बसले. मागायचे शब्द तोंडात तयार होते. मुलीने रुपया तोंडातून काढला, माझ्याकडे बघून हसली आणि परत तोंडात घातला. मी म्हटलं, सहज आले, लेकरू बघायचं राहिलं होतं. घरी न जाता तशीच मी रस्त्याला आले आणि माहेरची बस धरली.

आबा ओसरीवर दोर वळत होते. ते दिसताच मी पायरीवर बसून रडले. सगळं सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. त्यांनी दोर बाजूला ठेवला आणि विचारलं, "कडी कशी लावली? भोक पाडून का नुसता डाग देऊन, चिकटवून?"

"डाग देऊन."

"मग बरं हाय. भोक पाडलं असतं तर रुपया गेला असता." त्यांनी दोर परत हातात घेतला. मग हसायला लागले. "आता गं? चंचीत तर काय बी न्हाई. टाकाला चांदी न्हाई म्हंजी मला काय मरता येत न्हाई."

आतून आई आली. टकटक. "मरायच्या गप्पा नगात सांजच्या पारी," ती म्हणाली. पण मला ते वाक्य हवंच होतं. मी ते धरून ठेवलं. दादा म्हणाला, सोनाराकडून थोडी चांदी आणून ठेवू का, तर मी त्याच्यावर अशी ओरडले की तो पुन्हा बोलला नाही. टाकाला चांदी नाही, म्हणून आबा जाणार नाहीत, असं मी स्वतःला सांगत असे. भीती कमी झाली नाही. पण बस थांबली की आधी ते वाक्य म्हणायचं आणि मग दाराशी जायचं, असं मला जमू लागलं.

आबा त्यानंतर बरीच वर्षं होते. भाचीची ती मुलगी शाळेत जाऊ लागली. मग एका पावसाळ्यात भाताच्या आवणीच्या दिवसांत ते गेले. बसमधून उतरलेल्या माणसाने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, तेव्हाच मला कळलं. वाक्य म्हणायला वेळच मिळाला नाही.

दिवस झाल्यावर टाकाची गोष्ट निघाली. दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "इकत आणतो मी चांदी. दुसरं काय करणार?" सासूबाईंची भाची दुखवट्याला आली होती, तिला एव्हाना सगळं कळलं होतं, आणि तिने स्वतःहून मुलीच्या गळ्यातल्या दोऱ्याला हात घातला. मी तिचा हात धरून खाली केला.

आई भिंतीशी बसली होती. तिने कनवटीची गाठ सोडली आणि दोन जोडवी दादापुढे ठेवली. आबा गेल्यावर तिच्या पायांतून ती काढली गेली होती. कुणी काढली, कुठे ठेवली, आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं.

"ह्याचा करा," ती म्हणाली. "त्येंच्याच चांदीचं हाय. आमच्या लग्नात त्येंनी जमवल्यालं रुपयं आटवलं हुतं त्येंच्या बापानं. तवाबी त्वांड वाकडं करून बसलं हुतं पाटावर."

टाक घडून आला तेव्हा मी माहेरी गेले. देवघरापुढे बसून तो तळहातावर घेतला आणि डोळे मिटले. बोटांना कडा लागली, पागोटं लागलं, नाक लागलं. कुटलं, ते मला सांगता आलं नाही. तेवढ्यात कानाशी कुणीतरी म्हणालं, "बरा जमलाय," आणि मी इतकी दचकले की टाक हातातून सुटता सुटता राहिला. आई माझ्या पाठीशी उभी होती. आतल्या घरापासून फरशीवरून ती चालत आली होती, आणि मला काहीच ऐकू आलं नव्हतं.