पांढरा रस्सा आणि मार्ताचा ग्लास

वाळूच्या साच्यात लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीत नोकरी केली की वाळू कुठं कुठं शिरते याचा पत्ता लागत नाही. दोनदा अंघोळ करा, कानात कण सापडतोच. किश्शांचंही तसंच. डीटर साहेबांचे किस्से विसरायचं मी कितीदा ठरवलं, पण पांढरा रस्सा पुढ्यात आला की ते परत सापडतात!

डीटर साहेब म्हणजे आमचं कास्टिंग तपासायला येणारे जर्मन इन्स्पेक्टर. नव्वदच्या दशकात दर हिवाळ्यात कोल्हापूरला यायचे. मी क्वालिटीत, म्हणून दुभाष्याचं काम माझ्या गळ्यात. पहिल्याच वर्षी त्यांनी बॅगेतून पांढरी वाइन काढली. आमचा स्टोअरकीपर तानाजी बिद्रीचा, साखर कारखान्याच्या वासात वाढलेला. एक घोट घेऊन त्यानं तोंड वाकडं केलं.

"आंबट हाय की! साखर घालायची इसरली व्हय? सांगा त्यास्नी, ट्रक धाडतो म्हनावं!"

साहेब पोट धरून हसले. "ही ड्राय वाइन. द्राक्षातली साखर संपेपर्यंत आम्ही थांबतो," म्हणाले. तानाजीला त्या देशाची फार कीव आली.

*

कॅन्टीन हौसाक्काचं. ती नेसरीची, नवरा वारल्यावर इथं आलेली. तिच्या तांबड्या रश्श्याबरोबर साहेबांनी वाइन घेतली आणि मान हलवली. "मिरचीपुढं ही मुकी होते." नदीच्या तळलेल्या माशाबरोबर बरी म्हणाले. मग पांढऱ्या रश्श्याचा घोट, वर वाइनचा घोट, आणि डोळे मिटले. "आता बोलते!"

"बोलती? मग काय म्हनती?" अक्कानं विचारलं.

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "माझी बायको मार्ता या वाइनच्या गावची. ती आता नाही."

*

पुढच्या वर्षीपासून साहेब जेवताना शेजारची खुर्ची रिकामी ठेवू लागले. तिच्यापुढं मार्ताचा भरलेला ग्लास. शेजारचीच का? तर घरी दोघं एकाच बाजूला, खिडकीकडं तोंड करून बसायचे.

अक्काला काही समजावून सांगावं लागलं नाही. "निवद हाय त्यो," म्हणाली आणि ग्लासाशेजारी पांढऱ्या रश्श्याची वाटी ठेवून आली. जेवणं झाली तेव्हा ग्लास बोटभर कमी. सगळ्यांनी तानाजीकडं पाहिलं!

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात तानाजी गावाकडं लग्नाला गेला होता. ग्लास तरीही बोटभर कमी.

*

एकदा पांढरा संपला. अक्कानं नाइलाजानं त्या खुर्चीपुढं तांबडा ठेवला. टक् असा आवाज झाला आणि भरलेल्या ग्लासाला वरपासून खालपर्यंत तडा गेला. आम्ही सगळे उभे राहिलो. साहेब मात्र शांतपणे म्हणाले, "मार्ताला तिखट कधीच चाललं नाही."

*

मग एका वर्षी साहेबांऐवजी फॅक्स आला. साहेब गेले. त्यांची एक बाटली आमच्या ऑफिसच्या फ्रिजमध्ये राहिली होती. अक्का रोज फ्रिज उघडून ती बघायची. एक दिवस मला म्हणाली, "दादा, तिकडं गेल्यावर मानसं गावत्यात का एकमेकास्नी?" ती नुसतं साहेबांचं विचारत नव्हती, हे मला कळलं.

सोमवार, आमच्या सुट्टीचा दिवस. भट्टी बंद, भर दुपारी शेडमध्ये चिटपाखरू नाही. अक्कानं बाटली काढायला लावली आणि कॅन्टीनच्या टेबलाच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन खुर्च्या मांडल्या. साहेबांची बसायची सवय तिच्या ध्यानात राहिली नाही, माझ्याही नाही. दोन ग्लास बशांवर ठेवले, दोन वाट्या पांढरा. साहेबांपुरती एक वाटी तांबडा.

"दार लावा. बगत बसलं की ती जेवत न्हाईत."

मी, तानाजी आणि अक्का दाराबाहेर उभे राहिलो. आत कुणी नव्हतं. दुसरं दार नव्हतं. आत खुर्ची सरकल्यासारखं वाटलं. तानाजीनं माझं मनगट धरलं. बऱ्याच वेळानं अक्कानं दार ढकललं.

दोन्ही खुर्च्या एकाच बाजूला होत्या. शेजारी शेजारी, खिडकीकडं तोंड करून. तांबड्याची वाटी टेबलावर नव्हती. ती पार लांब खिडकीच्या कट्ट्यावर होती, वर ग्लासाखालची बशी झाकलेली.

"वारं आलं आसंल," तानाजी कसाबसा म्हणाला.

अक्का पदरानं डोळे पुसत होती, आणि हसत होती.

"वारं बशी झाकतंय व्हय रं?"