मामींना घाबरवायचंय

माणसाला घाबरवावं कसं, हे साऱ्या मुलखात एकाच इसमाला कळलं होतं, आणि तो इसम माझ्या बायकोचा मामा होता. सैन्यातून परतल्यावर मामा सांगलीतल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर झाले. अंगानं काडी, मिशा मात्र सुभेदाराच्या. दिवसाचे तीन खेळ पडद्यावर फेकायचे हे त्यांचं काम, पण सिनेमात त्यांचा जीव नव्हताच. तो सगळा ट्रेलरमध्ये. "जावई, शिनेमा म्हंजी जेवान आन ट्रेलर म्हंजी फोडणीचा वास," ते मला सांगत. "त्यात भ्या दावणारा ट्रेलर तर लय नाजूक काम. भूत दावलं की भीती मेली. दार दावावं, कोन येतंय ते दावू नगं."

हे तत्त्व ते घरीदारी सगळीकडे वापरत. एकदा त्यांनी साताऱ्याला माझ्या आईला कार्ड टाकलं, "इकडे सर्व ठीक. फक्त एक गोष्ट झाली आहे, ती समक्ष सांगेन." आईला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही आणि तिसऱ्या दिवशी देव पाण्यात ठेवून ती सांगलीच्या एसटीत बसली. झालं होतं एवढंच, की मामांची मांजर व्याली होती. आईनं त्यांना उभं आडवं झापलं. मामा मिशीत हसत म्हणाले, "पन आला का न्हाई तुमी?"

अशा माणसाच्या पदरात देवानं बायको घातली ती कशालाच न भिणारी. चुलीमागं निघालेल्या धामणीला "सर बाजूला, भाकरी करपतीया" म्हणत उलथन्यानं ढकलणारी. दर गुरुवारी दुपारच्या खेळाला मामी बायकांच्या बाकावर पुढे बसत. त्या हसल्या की बाकीच्या बायका हसत, आणि बायका हसल्या की अख्खं टॉकीज हसे.

बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. एका एकट्या बाईचं डोकं हळूहळू कसं फिरत जातं, असा एक जुना सिनेमा टॉकीजला पुन्हा लागणार होता. त्याचा ट्रेलर गुरुवारी मध्यंतरात दाखवला. कवटी, रक्त, वटवाघळं, किंकाळ्या, काही म्हणता काही सोडलं नव्हतं. तोच अंधारातून मामींचा आवाज आला, "आगं बया, कवटीचं दात बगा की किती पांढरं! मिश्री लावीत आसंल!" झालं. लोक पोट धरधरून हसले. मामा केबिनमधून खाली आले ते लालबुंद होऊन. मालकासमोर त्यांनी मिशीवर हात ठेवला. "फुडल्या बेस्तरवारी ही बाई गप बसली न्हाई, तर म्या पुन्ना मशिनीला हात लावनार न्हाई."

मालक हसला. मला हसू आलं नाही, कारण एकदा चहा सोडतो म्हणून या माणसानं अकरा वर्षं चहा सोडला होता. आता नोकरी गेली तर हा माणूस जगेल कशावर, याचीच मला धास्ती.

हा सिनेमा मागे लागला होता तेव्हा तुटून पडलेले फिल्मचे तुकडे मामांनी बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवले होते. त्यांतून स्वतःचा वेगळा ट्रेलर जुळवायला आठवडाभर ते घरी खिडकीशी बसून एकेक तुकडा उजेडात धरत, ब्लेडनं कापत, जोडत. मी हळदपेठेतली कारकुनी उरकून जाई तेव्हा खाली कचऱ्यात कवट्यांचा खच पडलेला असे. "किंकाळी तरी ठेवा," मी म्हणालो. "किंकाळीला कोन भितंय?" मामा म्हणाले. "रोजचा आवाज पायजे, घरातला."

सोमवारी त्यांनी आवाज अजिबात न लावता प्रयोग करून पाहिला. मशीन बिघडलं समजून लोकांनी शिट्ट्यांनी टॉकीज डोक्यावर घेतलं. मामा डगमगले नाहीत. पुन्हा ब्लेड घेऊन बसले.

गुरुवार उजाडला. मध्यंतरात पडद्यावर एक बाई आली. स्टोव्ह फरफरत होता. तिनं दोन ताटं वाढली आणि दाराकडे पाहिलं. पुन्हा दोन ताटं, पुन्हा दार. तिसऱ्यांदा वाढली, दाराकडे पाहिलं, मान वळवली, तर दुसरं ताट रिकामं. स्टोव्ह बंद. पडदा पांढरा. एवढंच. टॉकीजात शेंग फोडल्याचाही आवाज नव्हता. मी मामींकडे पाहिलं. पदराचं टोक तोंडात धरून त्या उठल्या आणि सरळ घरी गेल्या.

"भ्याली! जावई, भ्याली!" खेळ सुटल्यावर मामांनी मला सायकलवर डबलसीट घेतलं आणि घर गाठलं. मामी ताट पुसत बसल्या होत्या.

"जिंकलासा," त्या म्हणाल्या. "पन भूत कुटं हाय त्यात? रोज दोन ताटं घिऊन म्याच बसती की दाराकडं बगत. जल्म गेला. येक दिस तुमी आलाच न्हाईसा, तर?"

मामांचा हात मिशीवरून खाली आला.

तो तुकडा त्यांनी पुन्हा लावला नाही. मालकानं हातापाया पडून पाहिलं. ट्रेलर पाहिलेल्यांनी गावभर सांगितलं, न पाहिलेल्यांना तो मिळेना, आणि सिनेमाला दुप्पट गर्दी लोटली. मामांना त्याचं काही नव्हतं. त्या दिवसापासून संध्याकाळच्या खेळाआधी ते घरी जेवायला जाऊ लागले. कृष्णेला पूर आला तरी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून जात. ते चुकले असं मी कधी पाहिलं नाही.

मामा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर महिन्याभरानं मी नेमका त्यांच्या जेवायच्या वेळेला मामींकडे गेलो. स्टोव्ह फरफरत होता. मामींनी एकच ताट घेतलं होतं. का कोण जाणे, माझी नजर दाराकडे गेली, आणि खरं सांगतो, तिथून हलेना. मामी म्हणाल्या, "दाराकडं बगू नगा, जावई. म्या बगत न्हाई."

मग त्या उठल्या, फळीवरचं मामांचं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मला मनातून वाटलं, मामा, तुम्ही हरलात. ही बाई घाबरत नाही. डोळे भरून आले होते, म्हणून मी मान खाली घालून जेवलो, आणि मामी वाढत राहिल्या.